पहिल्या पावसानंतर सह्याद्रीच्या वाटेवर राणी मुंगी कशी शोधावी

राणी मुंगी पाहायची असेल तर वारूळ उकरावे लागते, हा समज जितका रूढ आहे तितकाच निरुपयोगी आहे. एक तर आपल्याकडे ज्याला वारूळ म्हणतात ते मातीचे उंच घर बहुतेक वेळा वाळवीने बांधलेले असते. मुंग्या, साप, घोरपडी तिथे नंतर राहायला येतात. दुसरे म्हणजे खऱ्या मुंग्यांचे घर उकरले तरी राणी सहसा हाती लागत नाही, कारण घराला धक्का बसताच ती खोलवरच्या दालनात सरकते आणि तोवर अंडी, अळ्या आणि कोष यांच्यासह शेकडो कामकरी मुंग्यांचा संसार आपण उधळलेला असतो. नांदत्या घरातली राणी मेली की बहुतेक जातींत तिची जागा घेणारे कोणी नसते आणि ते घर काही महिन्यांत ओस पडते. म्हणून या लेखात उकरण्याची कृती दिलेली नाही. वर्षातले काही मोजके दिवस असे असतात की नव्या राण्या आपणहून जमिनीवर उतरतात आणि उघड्यावर, एकट्या चालताना दिसतात. ते दिवस कोणते, त्या दिवसांतली वेळ कोणती आणि वाटेचा नेमका कोणता भाग पाहायचा, हे कळले की शोधाचे बहुतेक काम झाले.

राणी वाटेवर का येते

पुरेशा वाढलेल्या घरात वर्षातून ठरावीक काळात पंख असलेल्या माद्या आणि पंख असलेले नर तयार होतात. योग्य हवा मिळेपर्यंत ते घरातच थांबतात आणि मग परिसरातल्या एका जातीच्या अनेक घरांमधून जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. मीलन बहुधा हवेत किंवा उंचवट्यावर होते. नर त्यानंतर थोड्याच वेळात मरतात. मादी मात्र मिळालेले शुक्राणू शरीरातल्या एका पिशवीत साठवून ठेवते आणि पुढे आयुष्यभर त्याच साठ्यावर अंडी फलित करते. हे आयुष्य केवढे असू शकते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: युरोपातल्या एका सामान्य काळ्या मुंगीची राणी बंदिस्त अवस्थेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

जमिनीवर उतरल्यावर राणी पायांनी दाबून, जमिनीला घासून आपले पंख स्वतःच मोडून टाकते आणि बिळासाठी जागा शोधू लागते. आपल्याला उपयोगाचा असलेला काळ तो हाच, पंख टाकल्यापासून बीळ बंद होईपर्यंतचा. तो काही मिनिटांचा असतो किंवा काही तासांचा. त्यात पक्षी, सरडे, कोळी, बेडूक आणि सर्वांत जास्त म्हणजे दुसऱ्या मुंग्या तिच्या मागावर असतात, त्यामुळे उडालेल्या राण्यांपैकी फारच थोड्या पुढचा पावसाळा पाहतात. एकदा जागा मिळाली की मुंगळ्यासारख्या अनेक जातींची राणी आतून तोंड बंद करून घेते, काही न खाता अंडी घालते आणि आता नको झालेले उड्डाणाचे स्नायू शरीरात जिरवून त्या पोषणावर पहिली पिढी वाढवते. ती पुन्हा जमिनीवर येत नाही.

महिना, दिवस आणि वेळ

महाराष्ट्रात हंगामाचे दार वळीव उघडतो. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या जमिनीवर पहिली जोराची सर आली की काही जातींची उड्डाणे होतात, परंतु खरा बहर मृगाच्या आसपास, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस कोकण आणि घाटमाथ्यावर दाखल होतो तेव्हा येतो. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर सलग झड लागते तेव्हा फारसे काही दिसत नाही. त्याऐवजी उघडीप मिळते त्या दोन-तीन दिवसांवर लक्ष ठेवावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन-पावसाचा खेळ पुन्हा सुरू होतो, हस्ताच्या सरी पडतात आणि एक लहान हंगाम आणखी मिळतो. हिवाळ्यात आणि मार्च महिन्यात केवळ राणीसाठी डोंगर चढण्यात अर्थ नाही. तेव्हा घरे कुठे आहेत याची नोंद करून ठेवावी आणि पावसात तिथेच परत यावे.

दिवस निवडताना पाऊस किती पडला यापेक्षा तो कधी थांबला हे महत्त्वाचे असते. रात्री किंवा आदल्या संध्याकाळी भरपूर पाऊस, सकाळी ढग विरळ, दुपारी ऊन आणि उकाडा, वारा जवळजवळ नाही, अंगाला घाम चिकटतो अशी दमट हवा, हा जोड जमला की बाहेर पडावे. जोराच्या वाऱ्यात लहान जाती उडतच नाहीत, आणि राजगड-तोरण्याच्या सोंडांवर वारा कधी नसतो असे होत नाही, म्हणून उघड्या धारेपेक्षा धारेखालच्या, वाऱ्याआडच्या बाजूला पाहणे बरे. अनेक लहान जाती दुपारनंतर उडतात. मोठे मुंगळे बहुधा दिवेलागणीला आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात निघतात. त्यामुळे मुंगळ्याची राणी शोधायची असेल तर संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटेची वेळ राखून ठेवावी. रात्रभर बीळ न मिळालेल्या राण्या सकाळी दगडांच्या कडेने फिरताना सापडतात. वळिवाच्या दिवसांत विजा होतात. ढग गडगडू लागले की सोंडेवरून, एकट्या झाडाखालून आणि बुरुजावरून खाली यावे. मुंगी पुढच्या सरीलाही मिळेल.

उड्डाण सुरू झाल्याची खूण जमिनीपेक्षा आकाशात आधी दिसते. कोतवाल तारेवरून किंवा फांदीवरून सारखे झेपावून परत त्याच जागी बसत असतील, पाकोळ्या आणि भिंगऱ्या एकाच जागी घिरट्या घालत असतील, चतुरांचा थवा गवताच्या वर डोक्याएवढ्या उंचीवर फिरत असेल, तर तिथे काहीतरी उडते आहे हे नक्की. मात्र ती वाळवी आहे की मुंगी, हे हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

सोबत काय घ्यावे

दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग हवेच. त्याशिवाय झाकणाच्या दोन-तीन पारदर्शक डब्या (औषधाच्या गोळ्यांच्या चालतात, पण धुऊन वाळवलेल्या हव्यात), मऊ केसांचा रंगकामाचा बारीक कुंचला, डोक्याला बांधायची विजेरी, मिलिमीटरच्या खुणांची लहान पट्टी, पावसात न भिजणारी वही आणि पेन्सिल एवढे पुरे. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवायचे मॅक्रो भिंग मिळाले तर घ्यावे. चिमटा नेऊ नये. चिमट्यात राणीचा पाय किंवा पोट दाबले जाते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी राणी दोन दिवसांनी मरते. कुदळ, खुरपे, कोयता यांची या कामात जागा नाही.

वाट कशी वाचावी

पायवाट म्हणजे राणी शोधण्यासाठी आयतीच तयार झालेली पट्टी होय. दोन्ही बाजूंना गवत, कारवी किंवा पाचोळा असतो तिथे बोटभर लांबीची मुंगीही दिसत नाही. मधल्या मळलेल्या, उघड्या मातीवर ती लगेच उठून दिसते. शिवाय राण्याही बीळ खणायला अशीच उघडी, ओलसर पण पाणी न साचणारी जमीन पसंत करतात. म्हणून रानात शिरण्याची गरज नसते, आणि शिरू नये हेच इष्ट.

चालण्याची गती निम्म्याहून कमी करावी. नजर पायांपुढे दीड-दोन मीटरवर ठेवावी आणि हालचाल टिपावी, आकार नव्हे. कामकरी मुंगी एक तर रांगेत असते किंवा वेडीवाकडी फिरत अन्न हुंगत असते आणि अखेर घराकडे वळते. पंख टाकलेली राणी एकटी असते, तिला कोणाच्या रांगेशी देणेघेणे नसते, ती बऱ्याच अंतरापर्यंत नेटाने पुढे जाते, मध्येच थांबून एखाद्या भेगेत, दगडाच्या कडेखाली, मुळाच्या बेचक्यात डोके खुपसून पाहते, मागे येते आणि पुन्हा चालू लागते. ही शोधाशोध एकदा नजरेत बसली की उभ्याने ओळखू येते.

वाटेवरच्या काही जागा जास्त फळ देतात. डोंगराच्या बाजूला कापलेला मातीचा उभा काठ आणि वाट यांचा सांधा ही त्यांतली पहिली जागा. तिथे खाली घसरलेला मऊ मुरूम असतो आणि राण्या त्याच्या पायथ्याने चालतात. दुसरी जागा म्हणजे वाटेवर रचलेल्या दगडी पायऱ्यांच्या फटी. तिसरी, पठारावर कातळ आणि माती भेटतात ती कड. देवळाच्या ओट्यावर, पाण्याच्या टाक्याच्या काठावर आणि टाक्यातल्या पाण्यावरही पाहावे, कारण उडालेल्या राण्या पाण्यात पडतात आणि पुष्कळ वेळा जिवंत असतात. कुंचल्याचे टोक पुढे केले तर त्यावर चढून येतात. कोळ्यांची जाळी म्हणजे तर त्या दिवसाची हजेरीवहीच: जाळ्यात पंखवाल्या मुंग्या लटकलेल्या दिसल्या तर कोणती जात, साधारण कधी उडाली हे न धावता कळते. चौथ्या जागेचा उल्लेख पुस्तकांत फारसा येत नाही, पण माझ्या मते पायथ्याच्या गावातले रस्त्यावरचे दिवे आणि चहाच्या टपरीचा बल्ब यांना तोड नाही. ट्रेक संपवून उतरल्यावर दिव्याखालची भिंत आणि त्याखालची जमीन पाहिल्याशिवाय गाडीत बसू नये.

जमिनीवर नुसते पंख सापडले तर तेही पाहावेत. चारही पंख सारख्याच लांबीचे, दुधट, सहज मोडणारे आणि ढीगभर पडलेले असतील तर ते वाळवीचे. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा ठळकपणे मोठे असतात, शिरा मोजक्या असतात आणि पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला बहुधा एक गडद ठिपका असतो. असे जोडीने पडलेले दोन-चार ताजे पंख दिसले की थांबावे, आणि हातभर अंतरात एखाद्या ताज्या बिळाभोवती ओल्या मातीच्या बारीक गोळ्यांचे कडे आहे का ते पाहावे. अशा बिळाच्या तोंडाशी गुडघे टेकून दोन मिनिटे बसले तर राणी मातीचा एकेक कण जबड्यात धरून मागे मागे सरकत बाहेर येते, कण ठेवते आणि तशीच आत जाते. एवढ्या अवधीत तिची पाठ, छाती आणि पंख गळाल्याच्या खुणा भिंगाशिवायही दिसतात. खणायला लागलेल्या राणीला बाहेर ओढू नये. तिने जागा निवडली आहे, आपण फक्त ती जागा लिहून ठेवावी.

राणीच आहे हे कसे ठरवावे

सर्वांत जास्त गफलत मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंगळ्यांमुळे होते. आपल्याकडचा नेहमीचा काळा मुंगळा, शास्त्रीय नावाने कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, याच्या कामकऱ्यांत लहान-मोठे असे बरेच आकार असतात आणि त्यांतला सर्वांत मोठा इतका दांडगा असतो की त्यालाच राणी समजले जाते. त्यामुळे आकाराकडे नव्हे, छातीकडे पाहावे. डोके आणि पोट यांच्यामधला भाग बाजूने बघितला असता कामकऱ्यात अरुंद, एका सलग कमानीसारखा दिसतो, तर राणीत तो जाड, उंच, अनेक तुकडे जोडल्यासारखा आणि वरून पाहिल्यास जवळजवळ डोक्याएवढा रुंद असतो, कारण उड्डाणाचे स्नायू तिथेच असतात. त्या भागाच्या वरच्या कडांवर दोन्ही बाजूंना पंख तुटल्याच्या बारीक गडद खुणा असतात. भिंगातून डोक्याच्या वरच्या टोकाला तीन ठिपक्यांसारखे साधे डोळेही दिसतात. मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंगळ्याला ते नसतात. पोट मोठे व लांबट असते, पण हंगाम आणि पोषण यांवर ते बदलते, म्हणून त्यावर विसंबू नये.

नर ओळखणे सोपे आहे. त्याचे डोके छातीच्या मानाने फारच लहान, डोळे मोठे, जबडा क्षीण, अंग सडपातळ, आणि मीलनापूर्वी वा नंतर तो पंख मोडून टाकत नाही. पंख असलेली मादी दिसली तर ती मीलन झालेली आहे की नाही हे बाहेरून सांगता येत नाही, विशेषतः घराच्या तोंडाशी कामकऱ्यांच्या गर्दीत उभी असेल तर ती अजून उडालेलीच नाही असे समजून तिला हात लावू नये.

वाळवीची पंखवाली पाखरे पहिल्या पावसात दिव्यावर इतकी येतात की त्यांनाच अनेक जण मुंग्या म्हणतात. त्यांची कंबर जाड असते आणि मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या असतात. मुंगीची कंबर बारीक व त्यावर एक किंवा दोन गाठी असतात, आणि मिशा कोपरात वाकलेल्या असतात. दिव्यावर येणारा आणखी एक पाहुणा म्हणजे डोरायलस या मुंगीचा नर. तपकिरी, गुळगुळीत, लांब गोल पोटाचा हा किडा एवढा मोठा असतो की त्याला राणी किंवा गांधीलमाशी ठरवले जाते. या जातीची राणी मात्र पंखहीन असते आणि जमिनीखालीच राहते, त्यामुळे ती वाटेवर भेटण्याची अपेक्षा ठेवू नये. तिसरी फसगत धोक्याची आहे: लाल-काळ्या, केसाळ, पांढऱ्या ठिपक्यांच्या, पंख नसलेल्या ज्या मोठ्या मुंग्या उन्हात एकट्या धावताना दिसतात, त्या गांधीलमाश्यांच्या नात्यातल्या माद्या असतात आणि त्यांचा डंख अतिशय झोंबतो. कंबरेवर स्पष्ट उभी गाठ दिसत नाही आणि अंगावर मखमल आहे, तर हात मागे घ्यावा.

सह्याद्रीत कोण भेटू शकते

मुंगळ्याची राणी दीड सेंटिमीटरहून लांब, काळी आणि चकाकणारी असते, आणि नवख्याला पहिली बहुधा तीच सापडते. झाडांच्या बुंध्याशी सावलीत मातीचे कुंड करून राहणाऱ्या तांबूस-तपकिरी मिर्मिकेरिया ब्रुनियाच्या राण्याही ओळखायला सोप्या आहेत, कारण कामकऱ्यांप्रमाणे त्यांचेही पोट खाली झुकलेले असते. कॅरेबारा डायव्हर्सा या जातीत राणी आणि सर्वांत लहान कामकरी यांच्यातला फरक थक्क करणारा आहे: कामकरी दोन-अडीच मिलिमीटरची आणि राणी दोन सेंटिमीटरहून मोठी. अशा राणीभोवती कामकरी असतील असे वाटतच नाही, म्हणून तिला कोणी बीटल समजले तर नवल नाही.

विणकर मुंग्यांची, म्हणजे कोकण-गोव्यातल्या हुमल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या नांदत्या वसाहतीची घरटी आंबा, काजू, फणस अशा झाडांवर अनेक ठिकाणी पसरलेली असतात आणि राणी त्यांपैकी एकातच असते, त्यामुळे घरटे फाडण्याने चावे मिळतात, राणी नाही. नवी राणी मात्र पावसाच्या दिवसांत कमरेच्या उंचीवरच्या पानांवर बसलेली आढळते. ती हिरवट रंगाची, जाडसर असून कामकऱ्यांच्या तांबूस, लांब पायांच्या रूपाशी तिचे साम्य शोधावे लागते. वाटेकडेच्या झुडपांच्या पानांची खालची बाजू पाहिली तर आकड्यासारख्या वळलेल्या पानात अंड्यांच्या लहानशा पुंजक्यावर उभी असलेली राणीही दिसते. पान तोडू नये.

क्रेमॅटोगॅस्टर मुंग्यांची कागदासारखी, तपकिरी गोल घरटी फांद्यांवर दिसतात. तांबूस सुतार पक्षी त्यांतच पोकळी करून पिल्ले वाढवतो. त्यांना धक्का लावण्याचे कारणच नाही.

आणि एका जातीसाठी शोध थांबवावाच लागतो. डायकामा, म्हणजे डोंगरावर एकट्याने तुरुतुरु फिरणारी, अंगावर बारीक चर असलेली मोठी काळी मुंगी. तिच्यात राणीच नसते. प्रत्येक कामकरी छातीवर पंखांच्या जागी दोन बारीक कळ्या घेऊन जन्मते; वसाहतीत ज्या एकीच्या कळ्या शाबूत राहतात तीच अंडी घालते, आणि नव्याने आलेल्यांच्या कळ्या कुरतडून टाकल्या जातात. डायकामाचे घर कितीही उकरले तरी राणी मिळणार नाही, हे उकरणाऱ्यांना सांगण्यासारखे आहे. सह्याद्रीच्या दक्षिण भागात आढळणाऱ्या लांब जबड्याच्या, उडी मारणाऱ्या हार्पेग्नाथॉस सॉल्टेटरची राणी याच्या उलट स्वतः शिकारीला बाहेर पडते, म्हणजे ती उड्डाणाच्या दिवसांबाहेरही एकटी दिसू शकते. परंतु तिच्यात आणि कामकरीत आकाराचा फरक थोडाच असल्यामुळे छाती नीट न पाहता निर्णय करू नये.

दगड उलटताना

पावसानंतर हाताएवढ्या सपाट दगडाखाली नवी राणी अंड्यांसह बसलेली सापडते, आणि म्हणून दगड उलटण्याचा मोह होतो. मर्यादेत ते करता येते, पण पद्धत पाळावी. दगडाच्या आपल्यापासून दूरच्या कडेला काठीने किंवा हातमोज्यातल्या बोटांनी धरून ती कड आपल्याकडे उचलावी, म्हणजे दगडाची ढाल आपल्यात आणि खाली जे असेल त्यात राहते व त्याला पळायची वाट समोरच्या बाजूला मोकळी होते. जवळची कड उचलून खाली वाकून पाहणे हा सर्वांत वाईट प्रकार. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या कातळ-सड्यांवर फुरसे नेमके अशाच दगडांखाली असते. ते जेमतेम हातभर असल्याने दोरीचा तुकडा वाटते आणि त्याचे विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवते. लाल विंचूही तिथेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशावरील उपचारात घडवलेला बदल कोकणाला माहीत आहे, तरी दंश झाल्यावर औषध हाती येईपर्यंत डोंगर उतरावा लागतो हे विसरू नये. दगड पाहून झाला की तो हळूच, मूळच्याच खाचेत, त्याच बाजूने ठेवावा. तो तिरका पडला तर खालची ओल एका उन्हात जाते आणि खालचे घर संपते.

वाळलेल्या फांद्या मोडून आत पाहण्याचीही सवय काहींना असते. काळे डोके, तांबूस छाती आणि काळे पोट असलेली टेट्रापोनेरा रुफोनायग्रा अशाच सुक्या लाकडात राहते. तिचा डंख जबर असतो, आणि ज्यांना मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या डंखाने अंगभर पित्त उठते किंवा श्वास अडतो, त्यांनी हे काम करू नये.

सापडल्यावर

डबी राणीच्या पुढे आडवी ठेवावी आणि कुंचल्याने मागून हलका स्पर्श करावा. ती आपोआप आत चालते. मग डबी सावलीत धरून, पट्टी शेजारी ठेवून तीन छायाचित्रे घ्यावीत: बाजूने संपूर्ण शरीर, वरून छाती, आणि समोरून डोके. ओळख पटवणाऱ्याला या तीन बाजू लागतात. हातावर घेतलेले एकच अस्पष्ट छायाचित्र कोणाच्याही कामाचे नसते. वहीत तारीख, वेळ, जागा, अंदाजे उंची, शेवटचा पाऊस कधी झाला, ऊन-वारा, जमीन कशी होती आणि राणीला पंख होते का, हे तिथेच लिहावे. घरी गेल्यावर वेळ आठवत नाही. ही नोंद आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकावी.

या नोंदींना खरोखर किंमत आहे. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांनी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर विस्ताराने लिहिले, आणि त्यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून ऑगुस्त फोरेल या स्विस शास्त्रज्ञाने अनेक जातींची वर्णने केली. भारतात आज ८०० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, तरी त्यांतल्या कितीतरी जातींचे वर्णन केवळ कामकरी मुंग्यांवरून झालेले आहे. अशा जातीची राणी कधी आणि कुठे उडते, हे सांगणारी पहिली नोंद एखाद्या ट्रेकरची असू शकते.

घरी नेण्याविषयी

नोंद करून राणीला जिथे सापडली तिथेच, पण वाटेपासून दोन पावले बाजूला सोडावे, हा माझा सल्ला. तरीही अभ्यासासाठी एखादी वाढवून पाहायची असेल तर आधी जागा कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून वन्यजीव परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत, आणि आपल्या लोकप्रिय वाटांपैकी बऱ्याच अशाच क्षेत्रांतून जातात: हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कर्नाळा, ताम्हिणी, बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कोयना, गोव्यातले म्हादई आणि मोले. तिथे फक्त छायाचित्र. राखीव वनातही वनखात्याला विचारल्याशिवाय काही उचलू नये. उरतात ती गावाची शिवारे, स्वतःचे किंवा ओळखीच्याचे शेत आणि घराचे अंगण. आणि खरे सांगायचे तर मुंगळ्याची राणी तिथेही तितक्याच सहज मिळते.

विक्रीचा तर विचारही नको. एप्रिल २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांकडे परीक्षानळ्यांत भरलेल्या सुमारे ५,००० मुंग्या, प्रामुख्याने राण्या, सापडल्या; त्याच सुमारास पकडलेल्या आणखी दोघांसह त्यांना पुढच्याच महिन्यात न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा एक वर्षाचा कारावास ठोठावला. छंदाच्या बाजारात या मुंग्यांना चांगला भाव मिळतो, हेच त्यामागचे कारण होते. भारतातही जैवविविधता अधिनियम, २००२ मुळे परदेशी व्यक्तीला जैविक संसाधने देण्यापूर्वी मान्यता लागते, तेव्हा परदेशातल्या मित्राला कुतूहल म्हणून एक नळी धाडणे हीसुद्धा साधी गोष्ट नाही.

परवानगी असलेल्या जागेतून एकच, पंख टाकलेली राणी घ्यावी. परीक्षानळीत एक तृतीयांश पाणी भरून कापसाचा घट्ट बोळा पाण्याला टेकेल असा बसवावा, राणी आत सोडावी आणि तोंडाला कोरड्या कापसाचा सैलसर बोळा लावावा, म्हणजे हवा खेळती राहते. नळी कपाटात, अंधारात, धक्का लागणार नाही अशी ठेवावी आणि आठवड्यातून एकदाच, थोडक्यात पाहावे. रोज उजेडात काढलेली राणी घाबरून स्वतःची अंडी खाते. मुंगळ्याच्या राणीला पहिली कामकरी निघेपर्यंत काही आठवडे अन्नाची गरज नसते. या पहिल्या कामकरी नेहमीपेक्षा लहान आणि भित्र्या असतात. त्यांना मधाच्या पाण्याचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब आणि एखादे मारलेले चिलट दिले की पुरते, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकावे, नाहीतर बुरशी धरते. सांभाळणे जमेनासे झाले तर वसाहत जिथून राणी आणली त्याच शिवारात, त्याच हंगामात परत न्यावी. दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या डोंगरावर ती कधीही सोडू नये.